गल्ली सुरू झाली, घर कधी सुरू होणार?

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर सीमाभागातल्या मराठी समाजाने सर्वांत आधी काय सुरू केले, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. मिरवणूक. २०२२ च्या मे महिन्यात बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ पुन्हा रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गणपती बसले ते पूर्वीच्याच थाटात. २०२० साली चार फुटांची मूर्ती, २०२१ साली पाच दिवसांत विसर्जन, प्रभागात एकच गणपती, अशी बंधने सोसलेल्या कार्यकर्त्यांनी दोन वर्षांची कसर एका वर्षात भरून काढली. बेळगावच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला १९०५ पासूनची, लोकमान्यांच्या काळापासूनची परंपरा आहे. ती खंडित होऊ नये यासाठी तरुण पोरांनी जी धडपड केली तिच्याबद्दल आक्षेप असण्याचे कारण नाही. माझाही नाही.

पण मूर्ती कपिलेश्वर तलावात विसर्जित झाली, मंडप उतरला, विजेचे बिल भरून झाले, की गल्लीत उरतात ती घरे. त्या घरांतले नित्यक्रम अजून जागेवर आलेले नाहीत आणि आपल्या एकाही बैठकीत हा विषय निघत नाही. बैठकीत निघतो तो सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, फलकांवरची भाषा, महापालिकेतल्या जागा. हे विषय महत्त्वाचे आहेतच. मात्र आपली चळवळ ज्या मराठीसाठी आहे ती मराठी मुलाच्या कानावर पडते ती घरात, आजीच्या तोंडून, मामाच्या गावी आणि शाळेत. या चारही ठिकाणी टाळेबंदीने जे मोडले ते आपोआप जुळेल, असे गृहीत धरून आपण मोकळे झालो आहोत.

मामाच्या गावापासूनच सुरुवात करू. बेळगाव तालुका आणि चंदगड तालुका यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे. ती नकाशावर. प्रत्यक्षात चंदगडची माणसे दवाखान्याला बेळगावला येतात, लग्नाचा बस्ता इथे बांधतात, बाजारहाट इथे करतात. तिकडच्या मुली इकडे नांदतात, इकडच्या तिकडे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने गावे वाटली पण सोयरीक वाटली नाही, हे वाक्य आपल्या प्रत्येक वक्त्याच्या भाषणात असते. पुरुषमंडळींना ही हद्द सातबारा-उताऱ्यात, नोकरीत, कचेरीत रोजच भेटते. बायकांना ती खऱ्या अर्थाने भेटली २०२० साली. १८ मे २०२० रोजी कर्नाटक सरकारने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. पुढे पास आले, सेवासिंधूवर नोंदणी आली, चौदा दिवसांचे विलगीकरण आले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआरचा दाखला दाखवल्याशिवाय कोगनोळीच्या नाक्यावरून गाडी पुढे सुटेना. इकडे बाची आणि शिनोळी ही एकमेकींच्या हाकेच्या अंतरावरची गावे, पण मध्ये पोलीस. आणि ज्या सेवासिंधूवर नोंदणी करायची तिथे भाषा दोनच, कन्नड आणि इंग्रजी. साठीच्या बाईने लेकीकडे जाण्यासाठी अर्ज भरायचा तो गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराच्या हातापाया पडून.

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण अशी घरे पुष्कळ आहेत. दुसऱ्या लाटेत चंदगडकडच्या एका गावात आई गेली. मुलगी इथे शहापुरात दिलेली. नवऱ्याला ताप, दाखला मिळायला दोन दिवस, तोवर तिकडे सगळे उरकलेले. तिने आईचे शेवटचे तोंड फोनवर पाहिले. दहाव्याला इथल्याच परसात पान मांडले आणि कावळ्याची वाट पाहत बसली. हे दुःख तिने गिळले. पण सहा महिन्यांनी वाट मोकळी झाल्यावर ती माहेरी गेली तेव्हा भावजय म्हणाली, "यायचं असतं तर आली असतीस." एवढ्या एका वाक्यावर त्या घरांचे येणे-जाणे तुटले ते आजतागायत तुटलेलेच आहे. नियम सरकारचा होता, राग मात्र माणसांनी एकमेकांवर धरला. लग्नाला पन्नासच माणसे म्हटल्यावर पन्नासांत कोण आणि बाहेर कोण, यावरून सख्ख्या भावांत अबोला आलेली घरे मी पाहिली आहेत. त्या वर्षी कुणाला बोलावले नाही हे लोक विसरत नाहीत. आपण बांधाच्या भांडणात पंच बसवतो, वाटणीच्या भांडणात बसवतो. या अबोल्यासाठी कुणी पंच होऊन दोन्ही घरांत जाऊन आला का? मला तरी ऐकिवात नाही.

आणि जिथे अबोला नाही तिथेही येण्याजाण्याची रीत आखडली आहे. पूर्वी पंचमीला, दिवाळीला, यात्रेला माहेरवाशीण आली की चार दिवस राहायची. आता दुचाकीवरून सकाळी येते, संध्याकाळी परत. टाळेबंदीत फोनवर पाहून घेण्याची सवय लागली ती लागलीच. "बघितलंय की फोनवर, कशाला उगाच येणं," असे आता म्हातारीसुद्धा म्हणते. तिच्या नातवंडांना त्यामुळे चंदगडी बोली कानावर पडत नाही, शेतावर जाणे नाही, मामीच्या हाताची भाकरी नाही. मे महिन्यात मामाकडे महिनाभर राहून आलेले मूल शाळेत जूनमध्ये कसे बोलते आणि महिनाभर फोन हातात घेऊन घरी बसलेले मूल कसे बोलते, हे तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही.

शाळेचे तर काय सांगावे. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा कर्नाटकात टप्प्याटप्प्याने उघडल्या. २०२१ सालच्या २३ ऑगस्टला नववीपासून वरच्या वर्गांना, ६ सप्टेंबरला सहावी ते आठवीला, आणि पहिली ते पाचवीच्या पोरांना थेट २५ ऑक्टोबरला. म्हणजे ज्या मुलाचे नाव जून २०२० ला पहिलीत घातले ते वर्गात प्रथम बसले दुसरीचे निम्मे वर्ष सरताना. मुळाक्षरे त्याने कुठे गिरवली? मधल्या काळात सरकारने ‘विद्यागम’ काढले. मास्तर-बाई गावात जाऊन देवळाच्या ओवरीत, झाडाखाली पाच-पंचवीस पोरे घेऊन बसत. योजना खरोखर चांगली होती, पण संसर्गाच्या बातम्या आल्या आणि २०२० च्या ऑक्टोबरात ती थांबवावी लागली. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर धडे लागत ते प्रामुख्याने कन्नडमधून. मराठी माध्यमाच्या मुलाने त्यातून काय घ्यायचे? बाकी सगळा भार घरातल्या एका फोनवर. वडील कामावर गेले की फोन त्यांच्याबरोबर गेला. संध्याकाळी आला तर आधी मोठ्या मुलाकडे, मग उरलासुरला वेळ मुलीला. ज्यांच्या घरी दोन मुली आणि एक मुलगा, तिथे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे.

जून २०२० ला पहिलीत गेलेली ती मुले नियमाप्रमाणे वर सरकत २०२७ च्या जूनमध्ये आठवीत, म्हणजे हायस्कुलात जातील. माध्यम कोणते घ्यायचे हा प्रश्न घराघरांत तेव्हा येईल, आणि ज्याची मराठी वाचनाची गाडी दुसरी-तिसरीतच अडली तो मुलगा आणि त्याचे आईबाप मराठी हायस्कूलकडे कशाला वळतील? १९८६ साली कन्नड सक्तीविरोधातल्या आंदोलनात याच मातीत माणसांनी गोळ्या झेलल्या. दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर आपण फुले वाहतो. त्याच जून महिन्यात मराठी शाळांच्या पटावर किती नावे चढतात, हे मोजायला किती जण जातात?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टाळेबंदीत सगळेच मोडले असे नाही. शहापूर-वडगावात माग बंद, उद्यमबागेत कारखाने बंद, गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्या काही दिवस अडलेल्या, सगळे कर्ते पुरुष घरी. पैशाची ओढाताण होती, धास्ती होती, घराच्या बायकांना चोवीस तास चूल होती. पण त्याच महिन्यांत कितीतरी घरांत तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर शुभंकरोती ऐकू येऊ लागले. पाढे म्हटले जाऊ लागले. आजोबांनी नातवाला मोडी अक्षरे दाखवली, असे एका घरी मी स्वतः पाहिले. बापाने मुलीला पोळी लाटायला बसवले नाही तर स्वतः शेजारी बसून लाटली, हेही पाहिले, आणि त्या पोळीचा आकार कसा होता ते न लिहिलेले बरे. टाळेबंदी उठली तसे हे सगळे गुंडाळले गेले. आजोबा पुन्हा कट्ट्यावर, बाप पुन्हा दोन पाळ्यांत, पोरगा क्लासला. चूल मात्र होती तिथेच राहिली. पूर्वपदावर येणे म्हणजे जुने वाईटसुद्धा जसेच्या तसे परत आणणे, अशी आपण समजूत करून घेतली की काय?

लग्नाचेच बघा. पन्नास माणसांत, दारातल्या मांडवात लग्ने झाली आणि मुलीच्या बापाला एकाही पंक्तीचे कर्ज झाले नाही. तेव्हा सगळेच म्हणत होते, ही रीत पुढे चालवायची. २०२२ च्या तुळशीच्या लग्नानंतर मंगल कार्यालये भरली आणि ती भाषा संपली. आता तर साखरपुड्यालाही कार्यालय लागते. अर्थात पन्नास माणसांची सक्ती हवी असे मी म्हणत नाही. सक्तीतून अबोले कसे आले ते वर लिहिलेच आहे. पण दीडशे-दोनशे माणसांत, अंगणात, घरच्या पंक्तीत कार्य करणाऱ्या घराचे आपल्या मंडळाने एकदा तरी जाहीर कौतुक करावे. कौतुक सध्या होते ते कुणाच्या लेकाच्या लग्नाला कोणते पुढारी आले याचे.

हळदीकुंकवाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पुरुषमंडळींना तो फावल्या वेळचा प्रकार वाटतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी जातात. वाण असते पावशेर गुळाचे किंवा एका वाटीचे. पण त्या अर्ध्या तासात कुणाच्या मुलीला स्थळ आले आहे, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कुणाला कोणता दवाखाना मानवला, कुणाच्या अंगावर वळ दिसले, हे सगळे कळते. २०२१ ची संक्रांत भीतीत गेली आणि २०२२ ची तिसऱ्या लाटेत. याच काळात बायकांच्या डोक्यावर कर्जे चढली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. सवलत हप्त्यांना होती, व्याज चालूच होते. अनेक जणींना ते कळलेच नाही. हप्ता माफ झाला असे समजून बसलेल्या बाईच्या दारात नंतर वसुलीवाला आला तेव्हा ती एकटी होती. पूर्वी अशी गोष्ट एकीने दुसरीला हळदीकुंकवात सांगितली असती, चौघी मिळून कचेरीत गेल्या असत्या. आता एक कर्ज फेडायला दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे. छोट्या कर्जांच्या जाचक वसुलीला आळा घालणारा वटहुकूम कर्नाटक सरकारला २०२५ च्या फेब्रुवारीत काढावा लागला, यावरून हे दुखणे किती पसरले होते ते दिसते. कायदा हवाच होता. पण कायद्याचा कागद हातात घेऊन कोणत्या दाराशी जायचे हे सांगणारी शेजारीण आधी हवी.

हळदीकुंकू परत आले हे खरे. आले ते मंडपात आणि व्यासपीठावर. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी तर ते फारच जोरात आले. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, सत्कार, भाषण, आणि वाण म्हणून भांडे. हजार बायका एका जागी आल्या आणि एकीने दुसरीला "कशी आहेस" एवढे विचारायलाही फुरसत मिळाली नाही. भांडे घेऊन आपापल्या घरी गेल्या. यात सगळे पक्ष सारखेच आहेत, आपल्या विचाराचे लोकही मागे नव्हते. वाण घेणाऱ्या बायकांना दोष देऊ नका, महागाईत भांडे कुणाला नको असते? पण गल्लीतले घरगुती हळदीकुंकू कमी होऊन मंडपातले वाढले, तर त्या गल्लीत निवडणुकीखेरीज कुणी कुणाच्या दारात जाणार नाही. उद्या मराठीच्या प्रश्नावर मोर्चा निघेल तेव्हा या बायकांना हाक मारायला कोण जाणार?

काही ठिकाणी गाडी नीट रुळावर आली आहे, तेही नमूद करते. गावोगावचे ज्ञानेश्वरी पारायणाचे सप्ताह पुन्हा भरतात, बाया-पोरे त्यात जेवणखाण सांभाळतात, लहान मुले टाळ धरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांची मराठी साहित्य संमेलने पुन्हा होतात. शेजारच्या गल्लीतल्या दोघी-तिघींनी भिशी पुन्हा सुरू केली आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीचे. तिथे आजही पुस्तके आहेत, वाचक कमी झाले. सकाळी उठून पेपर वाचायला वाचनालयात जाणारी जी म्हातारी माणसे होती, त्यांतली काही त्या दोन वर्षांत गेली आणि उरलेली घरात बसून फोनवर आलेले खरेखोटे वाचू लागली. त्यांना हाताला धरून परत न्यायला घरातलेच कुणीतरी लागते.

सभासद बंधू-भगिनींनो, हे सगळे लिहिण्याचा हेतू एका ठोस मागणीचा आहे. आपल्या मंडळाच्या देवळामागे एक खोली आहे. दहा महिने तिथे मंडपाचे बांबू, पत्रे आणि जुने फलक पडून असतात. ते सामान दुसरीकडे हलवून ती खोली रोज संध्याकाळी दोन तास उघडावी. एक दिवा, एक सतरंजी, एक फळा. गल्लीत निवृत्त शिक्षक-शिक्षिका पाच-सहा तरी आहेत. सहावी-सातवीतल्या ज्या मुलांचे मराठी वाचन कच्चे राहिले त्यांना तिथे बसवू. माझे नाव पहिले लिहा, सोमवार आणि गुरुवार मी घेते. शनिवारी दुपारी ती खोली बायकांसाठी ठेवावी. तिथे कुणा पुढाऱ्याचा सत्कार नको, ध्वनिक्षेपक नको. कर्जाचे कागद वाचून दाखवायला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार आहेत, त्यांच्याशी बोलणे झाले आहे.

चंदगडकडच्या सोयऱ्यांसाठीही काही करता येईल. दिवाळीनंतर एका रविवारी, खास जेवणावळ न घालता, नुसत्या पिठलं-भाकरीवर दोन्ही बाजूंच्या घरांनी एकत्र यावे. ज्या घरांत त्या वर्षांपासून अबोला आहे त्यांना बोलावणे धाडायचे ते छापील पत्रिकेने नव्हे. दोन वडीलधारी माणसे आणि एक वडीलधारी बाई यांनी घरी जाऊन सांगावे. शहापूरच्या त्या मुलीकडे जायला मी तयार आहे. तिकडे भावजयीकडे जाणारे कुणी भेटले पाहिजे. शिनोळीच्या बाजूचे आपले एक-दोन सभासद आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे.

पैशाचा प्रश्न निघेल हे मला ठाऊक आहे. गेल्या गणपतीच्या जमाखर्चात ध्वनियंत्रणेचा आकडा पाहिला तर खोलीच्या वर्षभराच्या विजेची चिंता कुणी करू नये. त्या आकड्याचा दहावा हिस्सा पुरे. खोलीची किल्ली सध्या पंचांकडे आहे. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय मी लेखी देणार आहे. चिटणीसांनी तो शेवटच्या "आयत्या वेळच्या विषयांत" न टाकता वरच्या क्रमांकावर घ्यावा, आणि येताना हिशेबाची वही बरोबर आणावी.